ओसाड कोणासाठी? : अवशेषांचे वाचन आणि वाचकाचे उत्तरदायित्व

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शिरूरविषयीच्या नोंदीत एक लहानसा तपशील येऊन जातो. घोड नदीकाठच्या या गावी कंपनी सरकारची छावणी होती. त्या छावणीतील कर्नल वॉलेस हा अधिकारी १८०९ मध्ये मरण पावला आणि तेथेच त्याचे थडगे बांधले गेले. गॅझेटियर सांगते, की शिरूरचे व आसपासच्या खेड्यांतले लोक या वॉलेसला ‘सत्पुरुष’ म्हणून ओळखतात. ब्राह्मण आणि मारवाडी वगळता सर्व हिंदू त्याच्या थडग्याची पूजा करतात. आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला वाटा तेथे नैवेद्य म्हणून आणला जातो. एवढे सांगून गॅझेटियर पुढच्या विषयाकडे वळते. अपवाद दोनच जातींचा का, याचे कुतूहल त्याला नाही.

हा वॉलेस १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढलेला सेनाधिकारी होता. ज्या मुलखाचे स्वामित्व हिरावून घेण्यासाठी ते युद्ध झाले, त्याच मुलखातील कुणब्याने आपल्या ज्वारीचा पहिला वाटा त्याच्यापुढे ठेवावा, या घटनेचा अर्थ कसा लावायचा? साम्राज्याच्या सेवेतील वाचकाला ती सुखावणारी वाटली असणार, कारण जित प्रजाच जेत्याला देवपण देते आहे. राष्ट्रीय चळवळीच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ती लाजिरवाणी वाटते. लोकांना आपल्या गुलामीचेही भान उरले नाही, असा निष्कर्ष तो काढतो. परस्परविरोधी दिसणारे हे दोन्ही वाचक एका गृहीतकावर मात्र एकमत आहेत. नैवेद्य आणणाऱ्या माणसाला वॉलेस कोण होता हे ठाऊक नाही, आणि आपल्याला ठाऊक आहे, असे दोघेही मानतात. तिसरा माणूस, म्हणजे तो नैवेद्य आणणारा, या दोघांच्या दृष्टीने वाचकच नाही. तो वाचनाचा विषय आहे.

भग्न, सोडून दिलेल्या, गवत माजलेल्या ऐतिहासिक स्थळांकडे जाणारा शिक्षित माणूस ज्या नैतिक अडचणीत असतो, तिचे बीज या गृहीतकात आहे. अशा स्थळांना मराठीत सहजपणे ‘ओसाड’ किंवा ‘विस्मृतीत गेलेले’ म्हटले जाते. परंतु ओसाडपण हा दगडमातीचा गुणधर्म नव्हे. तो पाहणाऱ्याने दिलेला निवाडा असतो. ज्या बुरुजाच्या आडोशाला मेंढरे बसवली जातात, ज्या पडक्या देवळातील तांदळ्याला अमावास्येला नारळ फुटतो, ते स्थळ गुराख्याच्या आणि भक्ताच्या दृष्टीने कधीच ओस पडलेले नसते. ‘ओसाड’ या शब्दातून एवढेच सूचित होते, की ज्यांची नोंद घेण्याची आपल्याला सवय आहे अशी माणसे तेथे नाहीत. मग ज्याला इतिहास ठाऊक आहे त्याने तो तेथल्या माणसाला सांगावा की नाही? सांगणे हे कर्तव्य आहे, की आक्रमण? आणि न सांगता निघून जाणे हा विनय आहे, की तुच्छतेचाच एक सभ्य प्रकार?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे उपलब्ध आहेत. सत्य हे सत्य असते, ते सर्वांना सांगितले पाहिजे, हे पहिले. लोकश्रद्धेत इतिहासापेक्षा खोल सत्य दडलेले असते, म्हणून तिला हात लावू नये, हे दुसरे. एकोणिसाव्या शतकातील सुधारकी परंपरेने पहिले उत्तर दिले, लोकसाहित्याच्या भाविक अभ्यासाने दुसरे. दोन्ही उत्तरे थडग्यापर्यंत जात नाहीत. नैवेद्य म्हणजे स्तुती नव्हे, ही साधी गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते. महाराष्ट्राच्या खेड्यात म्हसोबाला, वेताळाला, वेशीबाहेरच्या वीराला जे दिले जाते त्यात प्रेमापेक्षा धाक अधिक असतो. ज्याच्यात उपद्रवाचे सामर्थ्य आहे त्याला शांत ठेवायचे असते. धान्याचा पहिला वाटा मागणारी आणखी एक सत्ता कुणब्याच्या परिचयाची होती, आणि ती कचेरीत बसत असे. असे असेल, तर थडग्यापुढची ज्वारी हे विस्मरणाचे चिन्ह ठरत नाही. बंदुका घेऊन आलेल्या माणसाचे सामर्थ्य नेमके कसले होते, याची ती एक अचूक स्मृतीही असू शकेल. दामोदर कोसंबी यांनी पुणे परिसरातील खेडी पायी हिंडून, शेंदूर लावलेले दगड आणि त्यांच्याभोवतीचे विधी यांना पुराव्याचा दर्जा दिला तो याच दृष्टीने. १९६२ च्या त्यांच्या ग्रंथातील विवेचनात चालू विधी हा मृत लेखाइतकाच वाचनीय ठरतो.

तरीही येथे सावध राहणे भाग आहे. हा अर्थ आकर्षक आहे, आणि आकर्षक आहे म्हणूनच संशयास्पद आहे. गॅझेटियरने नोंदवलेला शब्द ‘सत्पुरुष’ असा आहे. तो वेताळाला लावला जात नाही. वॉलेस न्यायी होता, दयाळू होता, त्याने कोणाचे तरी रक्षण केले होते, ही शक्यता समीक्षकाच्या सोयीसाठी पुसून टाकता येणार नाही. पूजकाच्या कृतीत बंडखोरी शोधणारा आधुनिक वाचक, तिच्यात राजनिष्ठा शोधणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याइतकाच, आपल्याला हवे ते त्याच्या तोंडी घालत असतो.

आलोइस रीगल या ऑस्ट्रियन कलेतिहासकाराने १९०३ मध्ये स्मारकांच्या आधुनिक पूजेविषयी लिहिताना प्राचीनत्वाचे मूल्य आणि इतिहासाचे मूल्य यांत भेद केला. इतिहासमूल्य जाणायला ज्ञान लागते. कोणत्या राजवटीत, कोणी, कशासाठी बांधले हे कळावे लागते. प्राचीनत्वमूल्य मात्र नजरेला आपोआप भिडते. शेवाळ, भेग, भिंत फोडून वर आलेला पिंपळ एवढे पुरते. मराठीतील दुर्गभ्रमणाच्या लेखनाने या दुसऱ्या मूल्याला पहिल्याचा वेश चढवला, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. गो. नी. दांडेकरांसारखा लेखक गड पायांखाली घालून, तेथल्या माणसांत मिसळून लिहितो, तेव्हा त्याच्या भाषेला अनुभवाचे वजन असते. त्याच्यामागून आलेल्या असंख्य लेखांत मात्र एकच अलंकार उरला आहे. पडक्या वाड्यापाशी संध्याकाळ होते आणि ‘दगड बोलू लागतात’. वाङ्मयीन दृष्टीने हा चेतनगुणोक्तीचा झिजलेला नमुना म्हणून सोडून देता येईल. नैतिक दृष्टीने तो सोडून देता येत नाही. दगड बोलत नाहीत. ते बोलतात असे म्हणणारा स्वतःचा आवाज दगडाच्या आड लपवतो आणि त्या आवाजाची जबाबदारी टाळतो. साक्षीदार उभा करून त्याची साक्ष वकिलानेच द्यावी, तसला हा प्रकार आहे.

दौंडहून पूर्वेला, भीमेच्या काठी, पेडगावचा भुईकोट आहे. आज तो श्रीगोंदे तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो. पण दौंडकरांच्या दृष्टीने तो आपलाच आहे. तट बऱ्याच ठिकाणी ढासळलेला, आत काटेरी झुडपे, आणि त्यांच्यामधून उभी असलेली यादवकालीन शैलीची देवळे. त्यांपैकी लक्ष्मीनारायणाच्या देवळावरील शिल्पकाम आजही पाहणाऱ्याला थांबवते. दख्खनचा मोगल सुभेदार बहादूरखान याने येथे तळ दिला आणि किल्ल्याला स्वतःचे नाव दिले : बहादूरगड. नदीचे पाणी वर चढवण्यासाठी बांधलेल्या मोटांच्या खुणा अजून दिसतात. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडले गेलेले संभाजी महाराज आणि कवी कलश यांना औरंगजेबापुढे आणले गेले ते येथील छावणीत. येथेच त्यांची विटंबना झाली. पुढे ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्याच काठी, वरच्या अंगाला, त्यांचा वध झाला. आता लोक या किल्ल्याला धर्मवीरगड म्हणतात.

येथले कोणते दगड बोलणार आहेत? देवळाचे, तटाचे की मोटेचे? तीन नावे म्हणजे तीन निवेदक आहेत, आणि प्रत्येक जण आधीच्याला गप्प करून बोलतो आहे. कैद करणाऱ्याचे नाव पुसून कैद्याच्या यातनेचे स्मरण ठेवणारे नाव द्यावे, या इच्छेत नैतिक बळ आहे, हे नाकारणे म्हणजे तटस्थतेचे ढोंग होईल. तीन शतके ज्या जागेने सुभेदाराची बढाई मिरवली, तिने एकदा तरी बंदिवानाची आठवण सांगावी, ही मागणी रास्त आहे. मात्र नव्या नावाबरोबर देवळे कोरणारा पाथरवट आणि मोट हाकणारा माणूस पुन्हा एकदा अंधारात जातात. त्यांना नाव कधीच मिळाले नव्हते, त्यामुळे त्यांचे काही हरवले असे कोणाच्या लक्षातही येत नाही.

संभाजी महाराजांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘बुधभूषण’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता असलेल्या या राजाची प्रतिमा मराठी बखरींनी आणि नाटकांनी दीर्घकाळ व्यसनी, उतावळ्या पुरुषाची ठेवली. तिच्यात जो पालट झाला तो वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्यासारख्या अभ्यासकांनी कागदपत्रे तपासल्यामुळे. पेडगावचा तट त्या सर्व काळात जागच्या जागी होता. त्याने कोणालाही काही सांगितले नाही. ज्या लेखकांनी त्या राजाला रंगेल ठरवले, त्यांच्यापैकी कोणी या तटापाशी येऊन उभा राहिला असता, तर त्याला बहुधा आपल्याच नाटकातील संवाद ऐकू आले असते.

शिरूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पाबळ हे गाव आणखी वेगळा प्रश्न उभा करते. तेथे मस्तानीची कबर आहे. १७२९ च्या बुंदेलखंडाच्या मोहिमेनंतर बाजीरावाच्या आयुष्यात आलेली ही स्त्री; पाबळ तिच्या इनामातील गाव. पेशव्यांच्या घरातूनच तिला पुण्यात कैदेत ठेवले गेले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीरावाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर थोड्याच अवधीत तीही गेली. ती कशाने गेली, याविषयी सांगितल्या जाणाऱ्या हकिकती परस्परांशी जुळत नाहीत. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढताना जखमी होऊन मेला. ज्या घराण्याने आईला कोंडले त्याच घराण्यासाठी मुलाने प्राण दिले. पाबळच्या कबरीपाशी हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकवतात.

मस्तानीविषयी जे समकालीन कागद आहेत ते प्रामुख्याने तिच्यावर पहारा बसवणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. तिचा स्वतःचा शब्द त्यांत नाही. द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या ग्रंथात तिच्याभोवती साचलेली बदनामी एकेक करून तपासली, ती कलासमीक्षकाला साजेशा नजरेने, कागदातील रिकाम्या जागा पाहत. ना. सं. इनामदारांनी ‘राऊ’ ही कादंबरी लिहिली, आणि तिच्यावर आधारलेला हिंदी चित्रपट २०१५ मध्ये देशभर गाजला. कादंबरीकाराला मस्तानी कशी मेली हे ठरवावेच लागते. कथेला शेवट हवा असतो. हा त्याचा अपराध नव्हे, त्याच्या कलाप्रकाराची ती अट आहे. परंतु कादंबरीकाराने कलेच्या गरजेपोटी घेतलेला निर्णय वाचक कबरीपर्यंत घेऊन येतो आणि तेथे तो निर्णय वस्तुस्थिती बनतो. ऐतिहासिक कादंबरीवरील मराठी समीक्षा सत्याशी प्रतारणा झाली की नाही, एवढ्याच मुद्द्यावर दीर्घकाळ वाद घालत राहिली. त्याहून अवघड प्रश्न असा आहे, की जिला आयुष्यभर इतरांनी बोलते किंवा मुके केले, तिच्या मौनात आपला आवाज भरणे ही सहानुभूती आहे, की त्या कैदेचीच एक नवी खोली? कबरीसमोर नुसता माथा टेकवून, तिच्या मृत्यूचे कारण न ठरवता परतणारा गावकरी येथे सुशिक्षित वाचकापेक्षा अधिक संयमी ठरतो. अर्थात त्याच्या संयमाचेही गोडवे गाऊ नयेत. त्याला नवसाची घाई असू शकते.

या तालुक्यात खऱ्या अर्थाने ओसाड म्हणता येईल अशी एक जागा आहे, आणि तिच्याविषयी कोणाचेही भांडण नाही. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. ही माणसे आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना लावून आत ठेवत. प्रौढांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असे करीत असावेत, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. तीन हजार वर्षे घर न सोडलेल्या त्या मृतांना अखेर पुरातत्त्वज्ञांनी बाहेर काढले. या घटनेने कोणाचीही भावना दुखावली नाही, कारण दुखावून घ्यायला वारस उरला नव्हता. भूतकाळ अस्वस्थ करणारा ठरतो तो त्यातील रक्ताच्या प्रमाणावरून नव्हे, हे इनामगावावरून कळते. त्याच्यावर हक्क सांगणारा जिवंत माणूस आहे की नाही, यावर ते ठरते.

म्हणूनच त्याच नदीखोऱ्यात, इनामगावापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, स्थिती अगदी उलटी आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या त्याच छावणीतून कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे आठशे शिपायांची तुकडी पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे तिची पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. कंपनीने नदीपलीकडे पेरणे गावच्या हद्दीत विजयस्तंभ उभारला. कंपनीच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता : कंपनीचे शौर्य आणि कंपनीची सत्ता. स्तंभावर मात्र मृत शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांतील बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि महार सैनिकांची ती नावे त्यांनी आपल्या लोकांसाठी वाचली. स्तंभाच्या कर्त्याला अभिप्रेत असलेला अर्थ त्या दिवसापासून दुय्यम ठरला.

या वाचनावर अधूनमधून आक्षेप घेतला जातो, की स्तंभ मुळात परकीय सत्तेचा, तेव्हा त्यात मुक्तीचा अर्थ पाहणे ही ऐतिहासिक चूक आहे. गंमत अशी, की हा आक्षेप घेणाऱ्यांत असेही प्राध्यापक आढळतात, जे वर्गात लेखकाचा मृत्यू झाल्याचे आणि अर्थ वाचकाच्या स्वाधीन असल्याचे अनेक वर्षे शिकवत आले आहेत. कवितेच्या बाबतीत कर्त्याचा हेतू गौण, आणि स्तंभाच्या बाबतीत तोच सर्वश्रेष्ठ, ही विसंगती सैद्धांतिक नाही. कोण वाचतो आहे यावर ती ठरलेली आहे. ज्या समाजाच्या पूर्वजांची नावे या मुलखातील कोणत्याही वाड्यावर, मंदिरावर, समाधीवर कोणी कोरली नाहीत, त्याला ती परक्याच्या स्तंभावर सापडली. दोष द्यायचाच असेल तर तो न कोरणाऱ्यांकडे जातो. तथापि त्या दिवशी दुसऱ्या बाजूने पडलेले शिपाई, त्यांत अरब होते आणि मराठेही होते, या स्तंभावर नाहीत. कोणतीही यादी एका बाजूचीच असते. न्याय्य वाचनानेही हे विसरून चालणार नाही.

शिरूर तालुक्यातीलच वढू बुद्रुक येथे संभाजी महाराजांची समाधी आहे आणि तिच्याजवळ गोविंद गोपाळ यांची समाधी दाखवली जाते. महाराजांच्या देहावर अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी तेथे दोन परंपरा सांगतात : एक गोविंद गोपाळ महार यांचे नाव घेते, दुसरी शिवले घराण्याचे. औरंगजेबाच्या सैन्याच्या दहशतीत एका विटंबित देहाला अग्नी देण्याचे धैर्य कोणी दाखवले, हा प्रश्न आहे. एका अर्थी दोन घराण्यांनी त्या धैर्याचा वारसा सांगावा, यासारखी भाग्याची गोष्ट नाही. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तेथील एका फलकावरून तंटा झाला. त्यानंतर दोनतीन दिवसांतच, १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीसाठी लाखो लोक जमले असताना कोरेगाव भीमा परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला.

फलक हा लेखनप्रकार साहित्यशास्त्राने कधी गांभीर्याने घेतलेला नाही. चारपाच ओळींचा मजकूर, कर्त्याचे नाव नाही, पुराव्याचा उल्लेख नाही, आणि तरीही अधिकाराचा सूर. बखरीत ‘म्हणतात’, ‘ऐकिवात आहे’ असे शब्द येऊ शकतात. फलकावर येत नाहीत. दोन परंपरा शेजारी शेजारी नांदवणारी जी लवचीक जागा गावाच्या बोलण्यात असते ती फलकाच्या पत्र्यावर नसते. संहितेला अनेक अर्थ असतात, हे विधान परिसंवादाच्या खोलीत कोणालाही इजा करीत नाही. वढूसारख्या गावात प्रत्येक अर्थाला घर आहे, आळी आहे, आडनाव आहे. तेथे वाचनाला दोन कसोट्या लावाव्या लागतात : ते पुराव्याला धरून आहे का, आणि ते मान्य केल्याने कोणाला गावाबाहेर जावे लागते. पहिली कसोटी अभ्यासकाच्या सवयीची आहे. दुसरी लावताना तो बिचकतो, कारण तिच्यात आपण विद्वत्तेच्या मर्यादेबाहेर जात आहोत असे त्याला वाटते. दुसऱ्या कसोटीने पहिलीची जागा घ्यावी असे येथे सुचवायचे नाही. कोणाच्या सोयीसाठी पुरावा वाकवणे हाही त्याला गावाबाहेर ठेवण्याचाच मार्ग आहे. त्याला सत्य पेलणार नाही असे त्यात गृहीत धरलेले असते.

इथपर्यंत ज्या जागांचा विचार झाला त्यांच्यापाशी निदान दगड आहेत. याच तालुक्यातील करडे या गावी पाहण्यासारखे काहीही नाही, आणि तरी या मुलखातील सर्वांत खोल जखमांपैकी एक तेथून उघडी पडली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे चढे भाव कोसळले, जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली, कर्जे वाढली. १८७४ च्या अखेरीस करडे येथील काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्या पायी देशमुखांचे राहते घर पाडले जाऊ लागले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पाठोपाठ १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, आजच्या दौंडपासून दूर नाही, बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदला गेलेला उठाव तो हाच. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोखे आणि खतावण्या यांच्यावर होता. ते मिळवून जाळणे, हे ठिकठिकाणचे उद्दिष्ट होते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

अवशेषांच्या नीतीविषयी करडे जे शिकवते ते पेडगाव शिकवू शकत नाही. अवशेष मागे ठेवण्यासाठी आधी बांधावे लागते, आणि बांधणे हा ऐपतीचा भाग आहे. पडक्या वास्तूंच्या वाटेने भूतकाळाकडे जाणारा माणूस अजाणता बांधणाऱ्यांच्याच भूतकाळाकडे जात राहतो. मोगल सुभेदार, पेशवे, कंपनी. ज्यांचे घर हुकूमनाम्याने पाडले त्यांचे जोतेही उरत नाही. शिवाय करड्याच्या इतिहासातील कळीचा पुरावा लोकांनी स्वतःच जाळला. ज्या रोख्यांवर त्यांनी सहीऐवजी नांगराची निशाणी केली होती, ते त्यांना वाचता येत नव्हते; पण त्यांत काय लिहिले आहे ते त्यांना पुरते ठाऊक होते. कागद नष्ट करणे हा अभ्यासकाच्या दृष्टीने अपराधच. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो कागदच घर पाडणारा होता. आज त्या घटनेकडे जाण्याची मुख्य वाट म्हणजे सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल, म्हणजे पुन्हा कचेरीचा आवाज. आणि ज्यांची दुकाने जळाली ते मारवाडी व गुजर सावकारही त्याच गावांत पिढ्यानपिढ्या राहिलेले होते. त्यांच्यातील लहान दुकानदाराला कोणत्या नजरेने त्या रात्रीची आठवण राहिली असेल, हे अहवाल सांगत नाही. उठावाचा न्याय मान्य करणाऱ्या वाचकाला तोही प्रश्न टाळता येत नाही. गॅझेटियरमधील वॉलेसच्या पूजेतून वगळलेल्या दोन जातींपैकी एक ही. सत्पुरुषापुढे धान्य कोण ठेवत होते आणि ते धान्य नंतर कोणाच्या कोठारात जात होते, हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार लांब नाहीत. ही जुळणी दहा वर्षांच्या अंतराने लिहिल्या गेलेल्या दोन सरकारी दस्तऐवजांतून वाचकाने केलेली आहे, दगडांनी नव्हे, हेही मान्य केले पाहिजे.

आता शिरूरच्या थडग्याशी निगडित प्रश्न पुन्हा विचारता येतो. समजा, एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाने आपले विद्यार्थी तेथे नेले आणि शेजारच्या वस्तीवरील कोणी म्हाताऱ्याने विचारले, की हे सत्पुरुष मूळचे कुठले? उत्तर देणे आलेच. विचारणारा वाचनाचा विषय राहिलेला नसतो, तो वाचक झालेला असतो, आणि वाचकाला पुरावा नाकारणे अपमानकारक आहे. लष्करी नोकरी, १८०३ चे युद्ध, १८०९ चा मृत्यू, हे त्याला सांगितले पाहिजे. त्याच्याकडून मिळणारी हकिकतही त्याच वहीत, त्याच शाईने उतरून घेतली पाहिजे. तो ती हकिकत सांगेल की नाही, हे मात्र विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय दिसते यावर अवलंबून राहील.

आणि त्या थडग्यापाशी उद्या फलक लावायचे ठरले, तर त्याचा मजकूर कोणी तरी लिहिलाच पाहिजे. वॉलेसचे नाव, हुद्दा आणि मृत्यूचे साल यांविषयी वाद होण्याचे कारण नाही. पुढच्या ओळीत ‘सत्पुरुष’ हा शब्द येईल. तो अवतरणचिन्हांत घालायचा की अवतरणचिन्हांविना, हे त्या लेखकाला रंगाऱ्याच्या हाती कागद देण्यापूर्वी ठरवावे लागेल.